घर, सोबती आणि मैदान

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात निकालांची टक्केवारी असते, नव्या इमारतीचे छायाचित्र असते, देणगीदारांची यादी असते आणि उच्च पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सार्थ गौरव असतो. मैदानाविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. मिळालेल्या चषकांची नोंद होते. परंतु ज्यांनी कधीच चषक मिळविला नाही अशी बहुसंख्य मुले-मुली संध्याकाळी मैदानावर असतात की नसतात, आणि नसतील तर का नसतात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

पाचवी-सहावीतील मुलांना खेळायला सांगावे लागत नाही, थांबवावे लागते. हीच मुले नववीत पोहोचतात तेव्हा त्यांतील कितीतरी जण मैदानाच्या कडेला बसलेली दिसतात. मुलींच्या बाबतीत हा बदल अधिक लवकर आणि अधिक पूर्णपणे घडतो. याचे कारण विचारले तर ‘आजची मुले आळशी झाली’ किंवा ‘मोबाइलने मुलांना बिघडविले’ अशी ठराविक उत्तरे मिळतात. त्यांत तथ्यांश आहे. पण मोबाइल येण्यापूर्वीही चौदा वर्षांची मुलगी खेळणे सोडत होतीच. तीन दशकांच्या अध्यापनातून माझे मत असे झाले आहे की, किशोरवयातील मुलाचे शरीर हालते की थांबते, हे त्याच्या एकट्याच्या इच्छेवर फारसे अवलंबून नसते. घरातून त्याला खेळण्याची मोकळीक आहे काय, आणि मैदानावर त्याची वाट पाहणारा कोणी सोबती आहे काय, या दोन गोष्टींवर ते ठरते. मैदान जमिनीवर आखले जाते हे खरे. पण ते उभे राहते माणसांच्या नात्यांवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी शारीरिक हालचाल केली पाहिजे. हाडे, स्नायू, हृदय, झोप आणि मनःस्वास्थ्य या सर्वांसाठी ती आवश्यक असते. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वयोगटाची माहिती तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार जगातील सुमारे ८१ टक्के किशोरवयीन मुले एवढी हालचाल करीत नाहीत. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. म्हणजे हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा किंवा आपल्या शाळेचा नाही.

परंतु त्या निष्कर्षांबरोबर भारत आणि बांगलादेश यांविषयी जे स्पष्टीकरण दिले गेले, ते आपण थांबून वाचले पाहिजे. या देशांत परिस्थिती तुलनेने बरी दिसते, याचे संभाव्य कारण मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळाची आवड हे सांगितले गेले. आणि मुलींच्या बाबतीत घरकाम! हंडे वाहणारी, धुणी धुणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी आकडेवारीच्या रकान्यात ‘सक्रिय’ ठरते. तिच्या भावाचे शरीर खेळाने हालते, तिचे कामाने. आकडा दोघांचा सारखा भरला, तरी दोघांच्या वाट्याला आलेले बालपण सारखे नाही. कामात शरीर दुसऱ्याच्या गरजेसाठी झिजते. खेळात ते स्वतःच्या आनंदासाठी फुलते. शारीरिक हालचालीचा विचार करताना किती मिनिटे, या प्रश्नाइतकाच कोणाच्या मर्जीने, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

हा भेद आपल्या समाजाला शिकविण्याची गरज नसावी. आपल्या पूर्वजांची शरीरे शतकानुशतके दुसऱ्यांच्या मर्जीने राबली. गावकीची कामे, वेठ, सांगावे पोहोचविणे, मेलेली गुरे ओढणे, यांत दिवस आणि रात्र असा भेद नव्हता. या गुलामीला कायद्याने आळा बसावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ज्या शरीराला विश्रांतीचाच हक्क नव्हता, त्याला खेळाचा हक्क कोठून असणार? म्हणूनच आपल्या मागच्या पिढ्यांनी शिक्षणाकडे पाहिले ते अंगमेहनतीतून सुटका म्हणून. ‘आम्ही उन्हात राबलो, तू सावलीत बसून शिक’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकले आहे. त्यामागचे दुःख आणि माया मी जाणतो. परंतु त्या वाक्यातून नकळत आणखी एक धडा मुलांपर्यंत पोहोचला. बसलेले शरीर म्हणजे सुधारलेले शरीर, आणि घाम म्हणजे मागासलेपण. त्यामुळे आपल्या घरांत पुस्तक हाती घेतलेल्या मुलाचे कौतुक होते. पण मळलेले कपडे घेऊन मैदानावरून परतणाऱ्या मुलाला ‘उंडारून आलास का?’ असे विचारले जाते. कष्टाच्या घामाची आणि खेळाच्या घामाची आपण गल्लत केली. गुलामीतून शरीर सोडविले, हे मोठेच काम झाले. ते शरीर आता त्याच्या मालकाच्या, म्हणजे त्या मुलाच्या आणि मुलीच्या, स्वाधीन करण्याचे काम अद्याप उरले आहे.

बाबासाहेबांनी ही गल्लत केली नव्हती. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्याचा वृत्तान्त इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. या सभेने १९२५ साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, हे आपण अभिमानाने सांगतो. कारण आजच्या निवासी शाळांची वंशावळ तेथपर्यंत पोहोचते. मात्र त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयाच्या जोडीला तरुणांसाठी एक हॉकी क्लबही चालविला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जुगार, दारू आणि वाईट संगत यांपासून तरुणांचे मन वळावे, हा त्यामागील हेतू होता. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी क्लब या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या एकाच काळातील आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. पैसा अपुरा, माणसे थोडी आणि विरोध प्रचंड अशा स्थितीत त्या मंडळींना खेळ ही चैन वाटली नाही. तरुणाला वाईट सोबतीतून नुसत्या उपदेशाने बाहेर काढता येत नाही, त्याला दुसरी, चांगली सोबत द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

घरातील नाती खेळाला कसे बळ देतात, याचे उत्तम उदाहरण पालवणकर बंधूंचे आहे. चांभार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर हे आपल्या काळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ज्या संघासाठी ते पुण्यात सामने जिंकून देत, त्याच संघातील सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत असत. कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. पण बाळू एकटे नव्हते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिन्ही भाऊ क्रिकेट खेळले. शिवराम तर इंग्लंडच्या दौऱ्यातही सोबत होते. १९२० साली अन्याय झाला तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याला जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळविले. पुढे बाळूंनी पुणे कराराच्या काळात बाबासाहेबांच्या विरोधातील भूमिका घेतली आणि १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हे आपण विसरू नये. पण त्या मतभेदामुळे या चार भावांनी मैदानावर दिलेली झुंज लहान होत नाही. अपमान सोसून खेळत राहण्याची ताकद एकट्याच्या अंगी क्वचित असते. ती घरातून येते.

आता सोबत्यांकडे वळू. आपल्या मातीतील दोन खेळ पाहा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. मागून सोबती येऊन ‘खो’ देत नाही तोवर त्यांतील कोणालाही उठता येत नाही. अंगात कितीही वेग असो, उठण्यासाठी दुसऱ्याचा हात पाठीला लागावा लागतो. कबड्डीत बाद झालेला खेळाडू स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की मगच तो ‘जिवंत’ होतो. कडेला बसलेल्या आपल्या मुलांचेही असेच आहे. त्यांना व्यायामाचे फायदे तोंडपाठ आहेत. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत ते पूर्ण गुणांसह लिहिले जातात. त्यांना हवा आहे तो कोणाचा तरी ‘खो’.

सोबती उठवतो तसा बसवूही शकतो. ‘तू काय खेळणार, जाड्या!’ हे एक वाक्य वर्षभर पुरते. शरीर झपाट्याने बदलत असते, आवाज फुटत असतो, उंची वाढलेली किंवा खुंटलेली असते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या असतात. अशा वयात मैदान ही सर्वांत उघडी जागा असते. तेथे हसे होण्याच्या भीतीने मूल दूर राहते आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. संघ निवडताना दोन नायक एकेक गडी मागून घेतात, ही आपली जुनी पद्धत आहे. त्यात शेवटपर्यंत कोणीच न मागितलेल्या मुलाच्या मनाचा विचार आपण करीत नाही. जातिव्यवस्थेने आपल्याला हेच केले होते. आपल्याला शेवटी उभे केले, किंवा उभेच केले नाही. त्या अनुभवाचे वारस असलेल्यांच्या मैदानावर तरी शेवटचा गडी कोणी असू नये.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ समजावून सांगितला. मातापिता, गुरुजन, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण अशी नातीच त्यांनी दिशा म्हणून दाखविली. खऱ्या मित्राची लक्षणेही तेथे सांगितली आहेत. तो साहाय्य करतो, सुखदुःखात सारखाच राहतो, हिताचे सांगतो आणि मनापासून सहानुभूती बाळगतो. कल्याणमित्राची ही कल्पना आपण प्रवचनात ऐकतो. पण किशोरवयीन मुलासाठी तिची परीक्षा मैदानावर होते. दमलेल्या सोबत्यासाठी थांबणारा, पडलेल्याला हात देणारा, चुकलेल्या फटक्यावर न हसणारा मुलगा कल्याणमित्र या शब्दाचा अर्थ जगत असतो. निवासी शाळेत तर याचे महत्त्व दुप्पट आहे. घर सोडून आलेल्या मुलाला वसतिगृहात भाऊ-बहीण म्हणून मिळतात ते सोबतीच.

शरीराकडे दुर्लक्ष हा तर धम्माचा मार्गच नव्हे. कठोर देहदंडन करून शरीर खंगविल्यावर सिद्धार्थाने तो मार्ग निष्फळ म्हणून सोडून दिला, सुजाताची खीर स्वीकारली आणि मगच ते बोधिवृक्षाखाली बसले. भिक्खूंना भगवंतांनी चंक्रमण, म्हणजे येरझारा घालण्याचा अभ्यास सांगितला आणि त्याचे पाच लाभ सांगितले. दूरचा प्रवास झेपतो, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि त्यातून मिळालेली समाधी दीर्घकाळ टिकते. एकाग्रतेचा संबंध पायांशी जोडणारी ही शिकवण ‘खेळाने अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने मनन करावी अशी आहे.

कारण आपल्या घरांतील सर्वांत मोठा आक्षेप तोच असतो. दहावीचे वर्ष आले की ‘आता खेळ बंद’ असा हुकूम निघतो. आक्षेप क्षुल्लक नाही. पहिल्या पिढीतील शिक्षण घेणाऱ्या घराला एका परीक्षेवर सर्वस्व पणाला लावावे लागते, आणि चुकल्यास सावरून घेणारी मालमत्ता वा ओळखीपाळखी मागे नसते. तरीही हिशेब मांडून पाहावा. दिवसाच्या चोवीस तासांतून खेळाचा एक तास काढून घेतल्यावर तो अभ्यासाला मिळतोच असे नाही. बहुधा तो पेंगण्यात, काळजीत किंवा पडद्यासमोर जातो. शिवाय त्या तासाबरोबर सोबतीही जातात, आणि परीक्षेच्या धास्तीत मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती त्यांचीच. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे काहींना पटण्याजोगे कारण वाटेल. पण माझा युक्तिवाद तो नाही. शंभरातल्या एखाद्यालाच ती संधी मिळेल. उरलेल्या नव्व्याण्णवांनाही आयुष्यभर पुरेल असे शरीर हवे आहे, आणि त्या शरीराविषयी आदर हवा आहे.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. मासिक पाळी सुरू झाली की घरात एक न बोललेला निर्णय होतो. ‘मोठी झाली’ या दोन शब्दांत तिचे धावणे, उड्या मारणे, मोठ्याने हसणे सगळे थांबते. कोणी मनाई करीत नाही. फक्त ओढणी येते, कामे वाढतात, संध्याकाळी बाहेर पडताना प्रश्न वाढतात. सुट्टीत ऊसतोडीच्या तळावर किंवा गावी गेलेली आमची विद्यार्थिनी पाणी, भांडी आणि भावंडे यांत गुंतते, आणि तिचा भाऊ त्याच सुट्टीत मळ्याकडेच्या पडीक जमिनीवर क्रिकेट खेळतो. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढे खेळायला सर्वसाधारणपणे हरकत नसते. हरकत असते ती स्वच्छतागृह नसण्याची, पॅड नसण्याची आणि कुजबुज असण्याची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा भारताच्या महिला संघाने जिंकली आणि त्या संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. त्या विजयाच्या बातम्या आपण एकमेकांना पाठविल्या. आता आपल्या घरातील मुलीला संध्याकाळी एक तास सोडण्याचे धैर्यही दाखविले पाहिजे. सावित्रीबाई आणि फातिमाबी यांनी मुलींना उंबरठ्याबाहेर आणले ते शाळेच्या बाकावर बसविण्यापुरते नव्हते.

लेख केवळ तक्रारीवर संपू नये, म्हणून काही विनंत्या.

पालकांना विनंती अशी की, शाळेत भेटीला याल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर ‘सध्या कोणाबरोबर खेळतोस, काय खेळतेस?’ एवढे विचारा. क्रीडादिनाला एक दिवसाची मजुरी बुडवून येणे किती अवघड असते, याची मला जाणीव आहे. पण शक्य असेल त्या वर्षी या. आई-वडील पाहत आहेत या जाणिवेने शेवटच्या क्रमांकाचे मूलही शर्यत पूर्ण करते. सुट्टीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही काम वाटून द्या, म्हणजे दोघांनाही खेळायला वेळ उरेल. जमल्यास संध्याकाळी त्यांच्याबरोबर चाला. यासाठी खर्च काही नाही.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना विनंती अशी की, स्नेहमेळाव्याला याल तेव्हा व्यासपीठावरील सत्कारानंतर तासभर मैदानावरही या. आपण अधिकारी असाल, प्राध्यापक असाल; नववीच्या मुलांविरुद्ध कबड्डीचा एक डाव खेळा आणि खुशाल हरा. विशेषतः माजी विद्यार्थिनींनी मैदानावर उतरावे. पस्तिशीतील ताई धावताना पाहिली की चौदा वर्षांच्या मुलीला जे समजते, ते माझ्या दहा व्याख्यानांनी समजणार नाही. देणगी द्यावयाची असेल तर चषकांपेक्षा बूट, चेंडू आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती यांसाठी द्यावी.

शिक्षक आणि व्यवस्थापन यांनी, म्हणजे आम्ही, तीन गोष्टी कराव्यात. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या जादा वर्गासाठी उसना घेऊ नये. संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे कोणी शेवटचा उरणार नाही. आणि वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे खालच्या वर्गातील एका मुलाला मैदानावर सोबत नेण्याची जबाबदारी द्यावी. नव्याने वसतिगृहात आलेले, घरच्या आठवणीने रात्री रडणारे मूल पहिल्या आठवड्यात कोणाशी तरी खेळले, तर ते शाळेत टिकते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा असे सांगितले. वर्गात आपण शिकतो. संघटित होण्याचा पहिला पाठ मात्र मैदानावर मिळतो. स्वतःची पाळी येईपर्यंत बसून राहणे, दुसऱ्याच्या पाठीला हात लावून त्याला उठविणे, हरल्यावर हात मिळविणे तेथे शिकावे लागते. आपल्या शाळेच्या पुढील स्मरणिकेत निकालाच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा छापला जावा, अशी माझी इच्छा आहे. त्या वर्षी नववी-दहावीतील किती मुली रोज संध्याकाळी मैदानावर होत्या, तो आकडा. तो वाढत गेला, तर आपल्या घरांत काहीतरी बदलले असे समजावे.

जय भीम.